सतराशे ऐंशी

साल विचारू नका.
या नाण्यावर साल एकच, सतराशे ऐंशी,
मग ते खरंच त्या साली पाडलेलं असो
की माझ्या आजीच्या लग्नाच्या हंगामात.
महाराणी मेली, तारीख थांबली,
नाणी मात्र पडत राहिली,
जहाजातून उतरून, उंटांवर चढून
हरारच्या वेशीपर्यंत येत राहिली.
म्हणून आम्ही वय बघतो ते झिजेवर.

सासऱ्यांनी शिकवलं, अब्दुलमुहैमिन त्यांचं नाव:
आधी खांद्यावरचं पदक. त्यात नऊ मोती.
नखाने मोज, डोळा भुलतो.
आठ भरले तर कॉफी पाज आणि वाटेला लाव.
मग गाल, मग कपाळावरचे केस.
जे उंच असतं तेच आधी झिजतं,
असं म्हणून स्वतःचं नाक चोळायचे.
मग उलट बाजूचा गरुड, छातीची पिसं दिसतात का.
मग कड. चोर चांदी कडेनेच खातो.
लिंबू-राखेने घासून चकचकीत केलेलं तर हातात धरू नकोस,
काळपटपणा ही नाण्याची साय आहे,
ती काढली की खाली नुसतं पाणी.

शेवटी दगडावर टाकायचं, आवाज ऐकायचा.
पण आमचं दुकान मकिना गिरगिरच्या गल्लीत,
दोन्ही हातांना शिंप्यांची चाळीस यंत्रं.
खणखणीत काय आणि बद्द काय,
दुपारच्या नमाजाला यंत्रं थांबेपर्यंत कळत नाही.

गुरुवारी रेमला आली, अकराच्या सुमाराला.
सात नाण्यांची माळ, आईची.
मुलाला जेद्दाला पाठवायचं होतं.
मी वजन केलं, भिंग लावलं, तोंड वाकडं केलं
(तेही शिकवलेलंच).
प्रत्येकाला कडी डाखलेली,
म्हणजे संग्रह करणारे परदेशी हात लावणार नाहीत.
महाराणीच्या पापण्या अजून शाबूत,
पण सातही गरुड पुसलेले:
ती बाजू आत होती,
साठ वर्षं कातडीला लागून,
घामात, दुधात, उन्हाळ्यातल्या तापात.
मधल्या नाण्याची तर दोन्ही अंगं गुळगुळीत.
नख फिरवलं. आठ.
पुन्हा फिरवलं.

अजान झाली. यंत्रं एकेक करून गप्प झाली.
सहा नाणी दगडावर गायली.
सातवं पडलं
ओली चप्पल पडावी तसं.

मला वाटलं, आता ही रडेल.
ती हसली. म्हणाली,
आईला ठाऊक होतं गं.
अब्बांनी दोनदा विकायला काढली ही माळ.
दुकानदार आधी मधलंच बघतो,
खोटं निघालं की अख्खी माळ अंगावर फेकतो.
दोन्ही वेळा घरी परत आली.
एकदा तर याच दुकानातून.

मग तिने दोन्ही टोकांचं एकेक सोडवलं.
उरलेली पाच पुन्हा ओवली,
आठ मोत्यांची महाराणी बरोबर मध्ये.
बोटाने तिचा गाल एकदा चोळला,
न बघता, सवयीने,
आणि मला कळलं तो गाल कशाने गेला ते.
वहीत लिहिलं: नाणी दोन, कडीसह, मध्यम.
कडीचे पैसे कापायचे राहिले. मुद्दामच राहिले.

रात्री सासऱ्यांना भरवताना सांगितलं.
डोळे गेलेत त्यांचे, कान तिखट आहेत.
घास गिळून म्हणाले,
खोट्याला डाख कसली होती?
बघितली नाही, म्हटलं.
पितळेची, ते म्हणाले. बाकी सहांना चांदीची.
आणि हाताने चाचपडत पाण्याचा पेला शोधला.
ती बाई रात्री आली होती, नवऱ्याच्या चोरून.
नाणं माझंच. कडीही मीच लावून दिली.
मोती मोजायला शिकलीस,
आता डाख ओळखायला शीक.